अकलेशियासाठी बलून, पोएम की ऑपरेशन? आधी मॅनोमेट्री झालीये का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आईंचं वय ५२, दोन वर्षांपासून घास छातीत अडकतो, अगदी सुरुवातीपासून घट्ट पदार्थ आणि पाणी दोन्ही अडकायचं, रात्री आडवं झालं की खाल्लेलं परत घशाशी येतं आणि खोकल्याची ढास लागते, वजन आठ-नऊ किलोनी उतरलंय, वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्या आणि आता एंडोस्कोपी आणि बेरियम (पांढरं औषध पाजून काढलेला एक्स-रे) नंतर अकलेशिया, म्हणजे अन्ननलिकेची पोटाकडची झडप नीट न उघडण्याचा आजार, आहे असं सांगितलंय. एका डॉक्टरांनी बलूनने झडप ताणायचं सुचवलं, दुसऱ्यांनी पोएम, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू आतून कापणं, तिसरे सर्जन होते ते म्हणाले पोटातून दुर्बीण घालून ऑपरेशनच करा. आता ऐकायचं कोणाचं, पोएम सेफ आहे का, आणि एकदा केलं की कायमचं सुटतं का.

तिघांपैकी कोणीच चुकीचं सांगितलेलं नाही हे आधी डोक्यात ठेवा, म्हणजे निम्मं टेन्शन कमी होईल. तिन्ही उपाय मान्यताप्राप्त आहेत आणि तिन्हींनी पेशंट बरे होतात. पण तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची टेस्ट, हा शब्द कुठेच नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. अकलेशियाचा प्रकार माहीत नसताना उपाय ठरवायचा म्हणजे मग ज्याच्या हातात जी कला आहे तो ती सांगणार, सर्जन सर्जरी सांगेल, मी एंडोस्कोपीवाला आहे तर मी पोएम सांगेन. इतकी वर्षं हेच काम करतोय, तरी प्रकार कळल्याशिवाय मी कुणाला तारीख देत नाही.

आता आजार काय आहे ते समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अन्ननलिकेच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांच्या मधे, नसांचं एक जाळं असतं. त्यातल्या काही पेशींचं काम स्नायूला सैल करायचं असतं, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्यामुळे घास खाली आला की पोटाच्या तोंडाशी असलेली झडप बरोबर वेळेवर उघडते. अकलेशियात नेमक्या ह्याच पेशी हळूहळू मरतात. का मरतात ते पूर्ण उलगडलेलं नाही, बहुतेक शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते असं मानलं जातं. दक्षिण अमेरिकेत चागास नावाच्या परजीवीच्या आजारात असंच होतं, तिथे कारण सापडतं, बाकी ठिकाणी सहसा सापडत नाही. परिणाम दोन होतात. एक, झडप सैल होत नाही. दोन, अन्ननलिकेची घास खाली ढकलायची लाटच बंद पडते. लाखात वर्षाला साधारण एक नवीन पेशंट, इतका हा कमी आढळणारा आजार आहे, त्यामुळे सुरुवातीला सगळे ॲसिडिटी समजूनच गोळ्या देतात, छातीत जळजळ होते असं पेशंट सांगतो ना. ती जळजळ बऱ्याचदा ॲसिडची नसतेच, अडकलेलं अन्न तिथेच आंबतं त्याची असते. तुमचं वर्ष असं गोळ्यांत गेलं ह्याचं वाईट वाटून घेऊ नका, निदानाला काही वर्षं लागलेले पेशंट मी सतत बघतो.

एक मुद्दा इथेच सांगतो, नंतर लोक त्यावरून नाराज होतात. मेलेल्या नसा परत आणणारा उपाय आज कुणाकडेही नाही. बलून असो, पोएम असो, सर्जरी असो, तिन्हींमध्ये आपण फक्त झडप मोकळी करतो. लाट परत येईलच असं नाही, बहुतेकांत येत नाही. उपायानंतर अन्न पन्हाळीतून पाणी उतरावं तसं स्वतःच्या वजनानी खाली उतरतं, आणि आश्चर्य वाटेल पण एवढ्यावर माणूस व्यवस्थित जेवतो, वजन वाढतं, रात्रीचा खोकला जातो. पण आडवं पडून जेवता येत नाही आणि गडबडीत न चावता गिळलेला मोठा घास कधीतरी रेंगाळतोच, त्याला उपाय फेल गेला असं म्हणत नाहीत.

मॅनोमेट्री म्हणजे नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेतून पार पोटापर्यंत घालतात, नळीवर सेन्सर असतात, आणि पेशंटला चमचा-चमचा, म्हणजे ५ मिली, पाणी दहा वेळा गिळायला लावतात, नंतर बसवून आणखी थोडे घोट. भूल नसते. नळी जाताना उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण टेस्ट फार लांबत नाही आणि दुखत नाही. आजकाल हाय रेझोल्यूशन मॅनोमेट्री असते, त्यात सगळा दाब रंगीत चित्रात दिसतो. झडप किती सैल होते त्याचा आकडा असतो, आयआरपी म्हणतात त्याला, बऱ्याच मशीनवर पाऱ्याच्या १५ मिमी दाबाच्या वर गेला की झडप नीट उघडत नाहीये असं धरतात, मशीन बदललं की हद्दही थोडी बदलते. आणि मग शिकागो वर्गीकरणानुसार, त्याची ४.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली, अकलेशियाचे तीन टाईप.

टाईप १ मध्ये अन्ननलिका अगदी निपचित पडलेली असते, दाबच तयार होत नाही. टाईप २ मध्ये लाट नसते पण गिळलं की अख्ख्या नळीत वरपासून खालपर्यंत एकदम सारखा दाब चढतो. टाईप ३ मध्ये खालच्या भागात अवेळी, जोरात आखडणं होतं, ह्या लोकांना गिळायच्या त्रासाबरोबर छातीतही खूप दुखतं, कित्येकदा हृदयाच्या सगळ्या तपासण्या आधी होऊन गेलेल्या असतात. टाईप २ सगळ्यात गुणी, त्याला जवळजवळ कुठलाही उपाय लागू पडतो. टाईप १ मधे बरा प्रतिसाद. टाईप ३ मात्र अवघड, कारण तिथे एकटी झडप दोषी नाहीये, वरचा बराच लांब स्नायूही आखडतोय, आणि बलून फक्त झडपेपुरताच काम करतो. बलून आणि सर्जरी ह्यांची तुलना करणारा जो मोठा युरोपियन अभ्यास २०११ मध्ये आला त्यात दोन वर्षांनी यश बलूनला ८६ टक्के आणि सर्जरीला ९० टक्के होतं, म्हणजे तसा फरक नाहीच, पण नंतर त्याच पेशंटांची टाईपनुसार विभागणी केली तेव्हा टाईप ३ मध्ये बलूनचं यश ४० टक्क्यांवर आलं. टाईप ३ चे पेशंट त्यात थोडेच होते त्यामुळे आकडा पक्का धरू नका, पण दिशा स्पष्ट आहे आणि रोजच्या कामातही तेच दिसतं.

म्हणून म्हणतोय, रिपोर्टवर टाईप कुठला लिहिलाय ते बघा, नसेल तर आधी टेस्ट करून घ्या. नळी झडपेपलीकडे जातच नाही असं कधीकधी होतं, मग एंडोस्कोपी करून तिच्या मदतीने नळी बसवता येते. काही ठिकाणी एंडोफ्लिप नावाचा मोजणीचा बलून असतो, भूल दिलेली असतानाच झडप किती ताणली जाते ते त्यात कळतं, पण तो सगळीकडे नसतो.

अजून एक तपासणी आहे, तिच्यावर मी जरा अडून बसतो. पोटाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ असली तरी हुबेहूब अकलेशियासारखंच चित्र दिसू शकतं, बेरियममध्ये तीच चोचीसारखी निमुळती टोक आलेली नळी, मॅनोमेट्रीतही तेच. वय पंचावन्न-साठच्या पुढे, त्रास वर्षाच्या आतला, आणि वजन झपाट्याने उतरलेलं, असं तिन्ही जुळलं की शंका घ्यायची. तुमच्या आईंचा त्रास दोन वर्षांचा आहे, वयही त्यामानाने कमी आहे, म्हणजे शक्यता कमी. तरी एंडोस्कोपी करताना दुर्बीण पोटात नेऊन उलटी वळवून झडपेकडे खालच्या बाजूने बघितलं होतं का एवढं विचारा, आणि शंका असेल तर सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून मोकळे व्हा. ती दुर्बीण झडपेतून जाताना थोडा जोर लागतो पण 'टप्' करून निघून जाते हे अकलेशियाचं, आणि जातच नाही, कडक लागतंय, हे वेगळ्या गोष्टीचं लक्षण.

दुखण्यावर अफूच्या वर्गातल्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर त्यांनीही झडप अशीच वागते. त्या बंद करून परत टेस्ट केली तर कधीकधी चित्र बरंच सुधारलेलं असतं. आईंना तशा काही चालू असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा.

आता उपाय. गोळ्यांवर फार वेळ घालवत नाही, नायट्रेट किंवा निफेडिपिन जेवणाआधी देतात, फायदा थोडा आणि डोकेदुखी, बीपी उतरणं जास्त. पुढच्या उपायाची वाट बघताना तात्पुरतं ठीक.

बोटॉक्स, हो तेच सुरकुत्यांवालं, एंडोस्कोपीतून झडपेत चारी बाजूंना मिळून साधारण १०० युनिट टोचतात. काम पाच-दहा मिनिटांचं. फायदा लगेच दिसतो पण सहा महिने ते वर्षभरात उतरतो, आणि परत परत दिलं की अस्तराखाली चिकटून बसल्यासारखं होतं, मग पुढे पोएम किंवा सर्जरी करणाऱ्याला त्रास. त्यामुळे खूप वयस्क, हृदय-फुप्फुस अगदी नाजूक, भूल झेपणारच नाही अशांसाठी बोटॉक्स चांगलं. तुमच्या आईंसाठी नाही. बावन्नाव्या वर्षी कुणी बोटॉक्स सुचवलं तर कारण विचारा.

बलून म्हणजे हा साधा अरुंदपणा ताणायचा बलून नव्हे, हा खास मोठा हवेचा बलून, ३०, ३५ आणि ४० मिमी अशा तीन मापांचा. झडपेत ठेवून एक्स-रेखाली फुगवतात, मधे कंबरेसारखा खळगा दिसतो तो निघून गेला की स्नायूचे धागे तुटले असं समजायचं. छोट्या मापापासून सुरुवात करतात आणि गरज पडली तर काही आठवड्यांनी पुढचं माप. फायदे म्हणजे भूल हलकी चालते, त्याच दिवशी घरी, खर्च त्यामानाने कमी, ॲसिड वर यायचं प्रमाण कमी. तोटा म्हणजे शंभरात साधारण दोन-तीन जणांत अन्ननलिका फाटू शकते, तेव्हा सर्जनची टीम बाजूला तयार पाहिजे, आणि काही वर्षांनी परत करायची तयारी ठेवायची. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत बलून तितका टिकत नाही, स्त्रियांत आणि वय जास्त असलेल्यांत टिकतो. टाईप २ असलेल्या पन्नाशीच्या बाईंना अनुभवी हाताने केलेला बलून हा अजिबात जुनापुराणा उपाय नाहीये, हे मी पोएम करणारा असून सांगतोय.

सर्जरी म्हणजे हेलरचं ऑपरेशन. अर्न्स्ट हेलर नावाच्या जर्मन सर्जननी १९१३ मध्ये पहिलं केलं, तत्त्व आजही तेच, झडपेचा स्नायू बाहेरच्या बाजूने उभा कापायचा आणि आतलं अस्तर शाबूत ठेवायचं. आता पोटाला चार-पाच छोटी भोकं पाडून करतात आणि शेवटी पोटाचा थोडा भाग वर गुंडाळून शिवतात म्हणजे ॲसिड वर येत नाही. ही शेवटची शिवण हाच सर्जरीचा मोठा प्लस पॉइंट.

आणि पोएम. पोएममध्ये तोच स्नायू कापतात पण आतून, तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने, बाहेर एकही टाका नाही. डुकरांवर प्रयोग करून ही कल्पना २००७ मध्ये पंकज पसरिचा आणि त्यांच्या टीमनी मांडली होती, माणसावर पहिल्यांदा जपानमधल्या योकोहामात हारुहिरो इनोउए ह्यांनी २००८ मध्ये केलं आणि २०१० मध्ये पहिल्या १७ पेशंटांचे निकाल छापले. तेव्हापासून जगभरात हजारो झाल्या आहेत, म्हणजे 'नवीन प्रयोग' राहिलेला नाही.

करतात कसं ते सांगतो, कारण आत चिरणार म्हटलं की घरचे घाबरतात. पूर्ण भूल, श्वासनलिकेत ट्यूब घालून. आधी दोन दिवस फक्त पातळ पदार्थ, कारण ह्या नळीत दोन-दोन दिवसांचं अन्न साचलेलं असतं, तरी आम्ही सुरुवातीला दुर्बिणीने आतलं सगळं धुऊन ओढून काढतो. मग झडपेच्या बरंच वर, छातीच्या मधल्या भागात, अस्तराखाली निळा रंग मिसळलेलं सलाईन टोचतो, अस्तर फुगून स्नायूपासून सुटं होतं. तिथे दीड-दोन सेंटीमीटरचा उभा चिरा देऊन दुर्बिणीचं टोक अस्तराखाली शिरवायचं आणि अस्तर आणि स्नायू ह्यांच्यामधून खाली खाली बोगदा करत जायचं, झडप ओलांडून पोटाच्या भागात दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत. हा बोगदा हीच सगळी गंमत आहे. कारण आता स्नायू कापायला सुरुवात करतो ती आतल्या चिऱ्याच्या बरंच खालून, त्यामुळे स्नायू जिथे कापलाय तिथलं अस्तर अखंड असतं आणि वरचा चिरा शेवटी छोट्या धातूच्या क्लिपांनी चेन लावल्यासारखा बंद केला की अन्न बाहेर झिरपायला वाटच राहत नाही. क्लिपा नंतर आपोआप सुटून शौचावाटे जातात, कळतही नाही. एकूण एक ते दोन तास. आणि टाईप ३ मध्ये पोएमची खरी ताकद इथेच दिसते, मॅनोमेट्रीत जितका भाग आखडलेला दिसतो तितक्या लांबीचा स्नायू आतून कापता येतो, पोटातून जाणाऱ्या सर्जनचा हात छातीत इतका वर पोचत नाही.

चिरा पुढच्या बाजूने की मागच्या बाजूने ह्यावर आम्ही लोक तासन्तास वाद घालतो, पेशंटनी त्यात पडू नये, निकाल जवळपास सारखेच आहेत. आधी हेलर झालं असेल तर मागून करतात, कारण पुढे जुने व्रण असतात.

सेफ आहे का. अनुभवी हातात हो. बोगद्यात हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो लवकर शोषला जातो, तरी कधीकधी पोटात गॅस साठतो, तेव्हा एक सुई टोचून काढून टाकतात. मानेच्या कातडीखाली चुरचुर लागते, एक-दोन दिवसांत जाते. रक्तस्राव, अस्तराला चुकून भोक पडणं, हे होऊ शकतं, बहुतेक वेळा तिथल्या तिथे निस्तरता येतं. गळती होऊन छातीत इन्फेक्शन ही खरी भीतीची गोष्ट, पण दुर्मिळ. घरी गेल्यावर ताप, वाढत जाणारं छातीत दुखणं, दम, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल, हे मी प्रत्येकाला लिहून देतो.

दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी औषध प्यायला देऊन एक्स-रे काढतात, गळती नाही बघून पाणी आणि पातळ सुरू, मग हळूहळू मऊ, आठ-दहा दिवसांत नेहमीच्या जेवणाकडे. एक ते तीन दिवसांत घरी.

आता पोएमची दुसरी बाजू, ती जाहिरातीत सापडत नाही. झडप उघडली, पण वर शिवण घातलेली नाही, म्हणजे ॲसिड वर येणार. २०१९ मध्ये पोएम आणि हेलर समोरासमोर ठेवून मोठा अभ्यास आला, २२१ पेशंट, दोन वर्षांनी यश ८३ टक्के आणि ८२ टक्के, म्हणजे बरोबरी. गंभीर त्रास पोएममध्ये कमी झाले. पण एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ॲसिडची सूज पोएमवाल्यांत ४४ टक्के आणि सर्जरीवाल्यांत २९ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पोएम विरुद्ध बलून होतं, यश ९२ विरुद्ध ५४ टक्के, पोएमचा दणदणीत विजय, पण त्यात बलून ३५ मिमीच्या पुढे नेलाच नव्हता आणि परत उपाय लागला की अपयश धरलं होतं, त्यामुळे बलूनवर थोडा अन्यायच झाला असं मला वाटतं. ॲसिडची सूज तिथेही ४१ विरुद्ध ७.

ही सूज बहुतेक सौम्य असते आणि गोळीने आटोक्यात राहते. खरा धोका हा की बऱ्याच लोकांना जळजळ जाणवतच नाही, छान जेवतोय म्हणून गोळी आपली आपण बंद करतात, आणि काही वर्षांनी ॲसिडने अरुंद झालेली नळी घेऊन परत येतात. गिळायला त्रास होतोय म्हणजे अकलेशिया परत आला असं त्यांना वाटतं. तेव्हा पोएम करायची असेल तर ॲसिडची गोळी बराच काळ, कदाचित कायम, आणि तीन-सहा महिन्यांनी एकदा एंडोस्कोपी, हे पॅकेजचाच भाग समजा. आईंना रोजची गोळी आणि नंतरच्या तपासण्या जमणार नसतील, घरापासून सगळं लांब असेल, तर शिवण असलेलं हेलर जास्त शहाणपणाचं ठरू शकतं. छाती आणि पोट ह्यांच्या मधल्या पडद्यात मोठा हर्निया आधीपासून असेल तरी सर्जरीच, कारण तो तसाही दुरुस्त करावा लागतो.

मग मी काय करेन. टाईप ३ निघाला तर पोएम, त्यात फार विचार नाही. टाईप १ किंवा २ असेल तर तिन्ही रस्ते उघडे, आणि तिथे तुमच्या जवळ कोणाचा हात कशात बसलाय हे जास्त महत्त्वाचं, पोएम शिकायला वेळ लागतो आणि महिन्यातून एखादी करणारा आणि आठवड्याला करणारा ह्यांत फरक पडतो. डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही वर्षाला किती करता, भोक पडलं तर सर्जन आहेत का, नंतर एंडोस्कोपी कधी करणार. ह्या प्रश्नांचा राग येणारे डॉक्टर असतील तर दुसरीकडे जा. बेरियमचे फोटोही नीट बघून घ्या, नळी किती रुंद झालीये आणि खाली वाकडी होऊन एस अक्षरासारखी वळलीये का. वळलेली असेल तर बोगदा करणं अवघड जातं, होतं पण निकाल तितका मस्त नसतो. अगदी फुगून लोंबणारी झाली आणि कशानेच फरक पडत नसेल तर शेवटी अन्ननलिका काढायचं मोठं ऑपरेशन, पण तिथे पोचणारे फार थोडे, आणि तुमच्या आई त्यात असतील असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

कायमचं सुटतं का, तर बहुतेकांचं अनेक वर्षं सुटतं, काहींना पुन्हा काहीतरी करावं लागतं. फरक मोजायला एकार्ट स्कोअर वापरतात, अडकणं, परत येणं, छातीत दुखणं आणि वजन ह्या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ मार्क, एकूण १२, तीन किंवा कमी आला म्हणजे यश. तुम्ही घरी आत्ताच लिहून ठेवा आणि नंतर ताडून बघा. पण नुसत्या स्कोअरवर जाऊ नका, काही जण बरं वाटतंय म्हणतात आणि नळी भरलेलीच असते, म्हणून उपायाच्या आधी आणि नंतर वेळेचं बेरियम करतात, औषध प्यायल्यावर १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो, किती उंचीचा साठा उरलाय ते दिसतं. पोएमनंतर त्रास परत आला तर बलून करता येतो, दुसऱ्या बाजूने परत पोएम करता येते, हेलरनंतर पोएम करता येते, बलूननंतर काहीही करता येतं. एक उपाय केला म्हणून बाकीचे दरवाजे बंद होत नाहीत. आणि आजार जुना झाला, दहा-पंधरा वर्षं, की अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा वाढतो, तेव्हा त्रास नसला तरी अधूनमधून दुर्बीण घालून बघत राहायचं.

तुम्ही शेवटी मावशींचंही विचारलंय, त्यांनाही घास अडकतो तर त्यांचीही पोएम करायची का. थांबा. घास अडकणं हे लक्षण आहे, आजार शंभर असतात. फक्त घट्ट पदार्थ अडकतात आणि पाणी सहज जातं, असं असेल तर बहुतेक नळी कुठेतरी अरुंद झालेली असते, ॲसिडमुळे आलेला व्रण, खाली अस्तराची एक गोल कडा असते ती, किंवा कॅन्सर, म्हणून पहिली एंडोस्कोपीच. साधा अरुंदपणा असेल तर छोट्या बलूनने किंवा गाईडवायरवरून जाणाऱ्या नळ्यांनी टप्प्याटप्प्याने ताणतात, एका बैठकीत घाई करून खूप ताणत नाहीत, आणि मूळ ॲसिडचा उपचार केला नाही तर परत आवळतं. ॲसिड किंवा क्षार प्यायल्यामुळे आलेला अरुंदपणा हट्टी असतो, तिथे कित्येक बैठका, स्टिरॉइडचं इंजेक्शन, कधी तात्पुरता स्टेंट. रक्त फार कमी असलेल्या बायकांत घशाच्या खालीच पातळ पडदा येतो, तो दुर्बिणीच्या धक्क्यानेही फाटतो पण लोह दिलंच पाहिजे. तरुण माणूस, ॲलर्जी-दमा आहे, घास मधूनमधून पक्का अडकतो, अशात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींची सूज असते, अस्तर वरून ठीक दिसलं तरी वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे घेऊन तपासायला पाठवायचे, आणि उपचार ॲसिडची गोळी, गिळायचं स्टिरॉइड किंवा पथ्य, ताणणं फक्त अरुंद झालं असेल तर. आणि घास घशातून खाली उतरवतानाच ठसका, नाकातून पाणी, बोलणं जड, असं असेल तर तो अन्ननलिकेचा प्रश्नच नाही, मेंदू आणि नसांचा आहे, न्यूरोलॉजिस्टला आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टला दाखवा. मावशींना नक्की काय अडकतं आणि कुठे, आधी ते विचारा.

आईंचं उपाय होईपर्यंतचं बघा. जेवण बसून, हळू, बरोबर कोमट पाणी, आणि झोपायच्या आधी तीन-चार तास काही नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू उचला, नुसती उशी नको, उशीने मान वाकते फक्त. वजन इतकं उतरलंय तर पातळ पण कॅलरी-प्रोटीन असलेलं दिवसातून पाच-सहा वेळा द्या, पाणीही उतरत नसेल तर ॲडमिट करून सलाईन किंवा नाकातून नळी लावून आधी अंगात ताकद आणतात आणि मग प्रोसीजर. आणि कुठलीही प्रोसीजर असो, अगदी साधी एंडोस्कोपी किंवा दुसऱ्याच कशाचं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना अकलेशिया आहे हे स्वतः तोंडाने सांगा, फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. आठ तास उपाशी असल्या तरी आईंची नळी भरलेली असू शकते आणि भूल चढताना ते सगळं फुप्फुसात जाऊ शकतं.